कारण लिहून द्या

त्या दिवशी सकाळी धाकट्या दिराची गाडी चालवण्याच्या परवान्याची परीक्षा होती, म्हणून वहिनी स्वयंपाकघराचं दार लोटून आत बसली होती.

बस म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. आता सांगावं लागतच नसे. घरातून कुणी चांगल्या कामाला निघालं की वहिनी आपली आपण आत जायची आणि बाहेरचं फाटक वाजल्यावर बाहेर यायची. दीर याआधी दोनदा नापास झाला होता. दुसऱ्या वेळी तो निघताना वहिनी अंगणात बादली घेऊन आडवी आली होती. त्यानं परीक्षेत रस्त्यावरचा खांब पाडला, साहेबाच्या पायावर चाक जाता जाता राहिलं आणि दोष बादलीवालीच्या नावावर जमा झाला. पहिल्या वेळी तो नापास झाला तेव्हा वहिनी माहेरी होती. पण ते कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

फाटक वाजलं. पुढच्या खोलीत सासूबाईंचं शिलाई मशीन सुरू झालं. वहिनीनं दप्तर उचललं, त्यांच्या शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, "आई, येते. आज दुसरी चाचणी आहे."

"डब्बा जपून टाका गं आज," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. "मागच्या वेळी दगडासारखा आपटला म्हणालीस."

वहिनी तेवीस वर्षांची होती आणि इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. लग्न होऊन कॉलेजात आलेली वर्गात ती एकटीच, म्हणून पहिल्याच आठवड्यात पोरांनी तिला 'वहिनी' केलं आणि ते नाव चिकटलं. तिचा नवरा वीज खात्यात वायरमन होता. लग्नाला दीड वर्ष झालं आणि एका दुपारी तो खांबावर असताना खाली कुणीतरी न विचारता बटण चालू केलं; तो वरच गेला. चौकशी झाली, बटण कुणी दाबलं तेही कागदावर आलं. पण शेजारपाजारच्या बायकांनी चौकशी अहवाल वाचला नव्हता. त्यांनी आपला निकाल आधीच दिला होता: पांढऱ्या पायाची.

सासूबाईंनी तो शब्द तोंडातून कधी काढला नाही. त्यांनी सुनेचं शिक्षण थांबवलं नाही, तिला उपाशी ठेवलं नाही, वाकडं बोलल्या नाहीत. फक्त शुभकार्य म्हटलं की "तू आत बस हं" एवढंच. त्या स्वतःही एकतिसाव्या वर्षी नवरा गेल्यापासून तशाच आत बसत आल्या होत्या. आपल्याला जे सोसलं ते सोसण्यासारखंच असणार, असं त्यांना वाटत असे.

कॉलेजात देशभरातल्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या एका स्पर्धेची तयारी चालली होती. पेयाच्या डब्याएवढा उपग्रह बनवायचा. तो एका लहान अग्निबाणातून आठशे मीटर उंचीवर नेऊन सोडला जाणार. तिथून पॅराशूटनं खाली येताना त्यानं हवेचा दाब आणि तापमान मोजून जमिनीवर कळवत राहायचं. वेग सेकंदाला आठ ते अकरा मीटर, त्याहून जास्त नको की कमी नको. पारितोषिक होतंच, पण सगळ्यांचा डोळा दुसऱ्याच गोष्टीवर होता. सहभागी विद्यार्थ्यांपैकी दहा जणांना मुलाखत घेऊन अंतराळ संशोधन केंद्रात सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी घेणार होते. त्या दारातून एकदा आत गेलं की माणूस कारकुनी करायला परत येत नाही, असं पोरं म्हणायची.

संघात पाच जण होते. कप्तान बोलण्यात हुशार, कामात घाईचा. बॅटरी आणि रेडिओ त्याच्याकडे. पॅराशूट वहिनीकडे.

पहिल्या चाचणीत पॅराशूट पिळवटलं आणि डबा आपटला. तो दोष वहिनीचाच होता. तिनं तो सगळ्यांसमोर कबूल केला आणि कापड घेऊन घरी आली. जेवणानंतर ती फरशीवर ते पसरून दोऱ्या मोजत बसली होती. दोऱ्या बरोबर होत्या. मग चुकलं कुठं?

सासूबाई पावसाळी आच्छादनं आणि तंबू शिवत. त्यांनी चष्मा चढवला, कापडाच्या कडेवरून नुसता अंगठा फिरवला. "ही कड ओढली गेलीय. एका अंगाला टाका आवळलाय, म्हणून तिरकं बसतंय. कुणी शिवलं हे?"

"मीच."

"तरीच." त्या हसल्या. "हे निसरडं कापड आहे बाई, मशीनखाली पळतं. खाली जुना कागद घालायचा, कागदासकट शिवायचं आणि मग कागद फाडून काढायचा. सरक."

दोघींनी मिळून आठ पाकळ्या उसवल्या आणि पुन्हा शिवल्या. झोका बसू नये म्हणून मधोमध भोक ठेवायचं, हे वहिनीनं समजावलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे तंबूला धुराडं ठेवतो तसं. मग त्यात काय एवढं शिकवतात चार वर्षं?"

दुसऱ्या चाचणीत कॉलेजच्या मैदानावर ड्रोननं डबा उंच नेऊन सोडला. पॅराशूट फुलासारखं उघडलं. डबा डुलत, अगदी शहाण्यासारखा खाली आला. पण त्या क्षणापासून संगणकाच्या पडद्यावर एकही आकडा आला नाही.

वहिनीनं डबा उघडला. बॅटरीची तार जोडणीतून निसटली होती. पॅराशूट उघडताना जो हिसका बसतो, त्यानं ती सुटली होती. कप्तानानं ती नुसती चिकटपट्टीनं धरून ठेवली होती. वहिनीनं तिथल्या तिथे एका पानाचा अहवाल लिहिला: काय झालं, का झालं, तार दोऱ्यानं बांधून वर गोंद द्या म्हणजे पुन्हा होणार नाही. खाली सही केली, एक प्रत दप्तरात ठेवली आणि पान कप्तानाला दिलं.

त्यानं ते घडी करून खिशात घातलं. दुपारच्या चहाला संघातल्या एकानं तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं, "पहिल्या वेळी तिनं हात लावला, डबा फुटला. दुसऱ्या वेळी हात लावला, रेडिओ गेला. आता काय ते समजा."

"मी काही बोललो नाही," कप्तान म्हणाला, आणि हसला.

उड्डाणाला चार दिवस उरले असताना सरांनी वहिनीला आपल्या खोलीत बोलावलं. सर संघाचे मार्गदर्शक होते आणि यंत्रशास्त्र शिकवत. ग्रहांच्या कक्षा फळ्यावर काढताना त्यांचा हात कधी थरथरत नसे. आज मात्र ते टाचण्यांची डबी उघडत होते, मिटत होते.

"बस. तुझं काम उत्तम आहे, त्याबद्दल प्रश्नच नाही. पण उड्डाणाच्या दिवशी तू मैदानावर नाही आलीस तर बरं होईल. तुझ्या जागी दुसरं नाव देऊ."

"का सर?"

"मुलांच्या मनावर दडपण येतंय. मी स्वतः हे काही मानत नाही. तुला ठाऊक आहे. पण चार जणांचं मन राखावं लागतं. शुभारंभाच्या वेळी... समजून घे."

वहिनीला समजलं. असं काही ऐकलं की मान खाली घालून उठायचं, ही दोन वर्षांची सवय होती आणि पायांनी उठायची तयारीही केली होती. पण टेबलावर स्पर्धेचा अर्ज पडला होता. सदस्य बदलायचा असेल तर भरायचा. नाव, बदली नाव, बदलाचं कारण, मार्गदर्शकाची सही.

तिनं तो सरांसमोर सरकवला.

"ठीक आहे सर. नाही येत मी. तुम्ही फक्त कारण लिहून द्या."

"घरगुती अडचण लिहितो की."

"माझ्या घरी काही अडचण नाही. तुम्ही आत्ता जे तोंडानं बोललात तेच लिहा. हिचा नवरा मेलाय, म्हणून ही समोर आली तर अग्निबाण उडणार नाही. खाली सही करा. मी तो कागद घेऊन जाते, पुन्हा तोंड दाखवत नाही."

"आवाज चढवू नकोस."

"चढवला नाही सर. हळूच बोलते. तुम्हीच आम्हाला शिकवलंत, जे लिहिता येत नाही ते विज्ञान नाही. लिहा."

सरांनी पेन उघडलं. कागदावर टेकवलं. नाव लिहिलं, बदली नावही लिहिलं. कारणाच्या रकान्याशी येऊन हात थांबला. बाहेर तास संपल्याची घंटा झाली, पोरांचा गलका जिन्यावरून खाली गेला, तरी पेन जागचं हललं नाही. अखेर त्यांनी कागद चुरगळला.

"जा. नाव राहू दे," ते म्हणाले. आणि ती दारापर्यंत पोचल्यावर मागून म्हणाले, "कॉलेजच्या बसमध्ये मात्र जागा नाही. तू तुझी ये."

संध्याकाळी तिनं हे सगळं घरी सांगितलं. दीर म्हणाला, "जाऊ दे ना वहिनी, नाव आहे ना यादीत? मग कशाला तिथं जाऊन चारचौघांत शोभा?" तो तिसऱ्यांदा नापास झाला होता आणि त्या दिवशी वहिनी आत होती, त्यामुळे हल्ली तो तिच्याशी जरा जपून बोलत असे.

"तिथं जो हजर असेल त्याचीच मुलाखत होणार," वहिनी म्हणाली.

सासूबाई कापड कातरत होत्या. "नको जाऊस गं. लोकांच्या तोंडाला कोण लागणार? आपण आपलं आब राखून राहावं. मी नाही राहिले?"

"आई," वहिनीनं विचारलं, "आमच्या लग्नात तुम्ही कुठे होता?"

कातर थांबली.

"मी तुम्हाला शोधत होते. सगळे फोटो काढून झाले, जेवणं झाली. मुलाची आई कुठाय म्हणून मी विचारलं तर कुणी बोलेना."

"भांड्यांच्या खोलीत होते," सासूबाई म्हणाल्या. "खिडकीच्या फटीतून दिसत होतं थोडं. त्याची पाठ दिसली. तुझा शालूचा पदर दिसला."

"तुम्ही बाहेर आला नाहीत. तरी तो गेलाच ना आई?"

दिरानं मान दुसरीकडे वळवली. सासूबाईंनी तोंडावर पदर घेतला. स्वतःच्या मुलाचं तोंड त्याच्या लग्नात बघितलं नाही. वाचवलं कुणाला तर कुणालाच नाही. हा हिशेब त्यांनी आजवर मांडायचाच टाळला होता.

मग त्यांनी डोळे पुसले आणि कातर पुन्हा उचलली. "किती वाजताची गाडी आहे?"

"कुणाची?"

"आपली. एकटीला पाठवू होय? आणि ते कापड आण इकडे. प्रवासात कड उसवली बिसवली तर सुईदोरा लागेल."

मैदान शहराबाहेर होतं. उघडं, वाऱ्याचं, मधोमध अग्निबाणाची शिडी आणि दूरवर दोरखंड लावून केलेली पाहणाऱ्यांची जागा. एकतीस कॉलेजांचे तंबू होते. दोघी पोचल्या तेव्हा त्यांच्या संघाची तपासणी चालू होती आणि खोळंबली होती. टेबलामागे केस पिकलेल्या एक इंजिनिअर बाई बसल्या होत्या. त्यांनी पॅराशूट उलगडून टाकलं होतं आणि त्या कप्तानाला म्हणत होत्या, "आता माझ्यासमोर घडी घाला. नियम आहे."

कप्तानानं दोनदा प्रयत्न केला. दोऱ्या गुंतल्या.

वहिनी पुढे झाली. संघातला एक जण एक पाऊल मागे सरकला, ते तिनं पाहिलं. तिनं कापड अंथरलं, आठ पाकळ्या एकावर एक लावल्या, दोऱ्या बोटांमध्ये ओढून सरळ केल्या, नागमोडी मुडपल्या आणि सगळं गुंडाळून आधीच स्क्रू लावून बंद केलेल्या डब्याच्या डोक्यावर बसवलं. चार मिनिटं लागली. बाईंनी वहीत खूण केली आणि काही न बोलता पुढचं पान उलटलं.

"तुझं झालं ना आता?" कप्तान दबक्या आवाजात म्हणाला. "उडताना जरा लांब उभी राहा. प्लीज."

"मी इथंच उभी राहणार," वहिनी म्हणाली. "तुला त्रास होत असेल तर तू लांब उभा राहा."

अग्निबाण सुटला. धुराची रेघ वर गेली, वरच्या वर ठिपका फुटला आणि नारिंगी पॅराशूट उघडलं. पाच जणांच्या तोंडून एकदमच श्वास सुटला. डबा झुलत, ठरल्या वेगानं उतरू लागला. पण पडद्यावर येणारे आकडे पॅराशूट उघडताक्षणी थांबले. मग ते आलेच नाहीत.

सगळ्यांनी फक्त वहिनीकडे बघितलं. सरांनीही.

"सांगितलं होतं मी," कप्तान म्हणाला. यावेळी मोठ्यानं.

डबा टेबलावर आला. वहिनीनं तपासणीच्या बाईंना विचारलं, "मॅडम, तुमच्यासमोर उघडू?" तिनं चार स्क्रू काढले आणि झाकण उचललं. बॅटरीची तार निसटून लोंबकळत होती. तिच्या टोकाला चिकटपट्टीचा सुटलेला तुकडा तसाच होता. दोरा नव्हता, गोंद नव्हता.

"ही जोडणी कुणाची?" बाईंनी विचारलं.

वहिनीनं दप्तरातून आपल्या अहवालाची दुसरी प्रत काढून टेबलावर ठेवली. तारीख, कारण, उपाय, सही. बाईंनी ती उभ्याउभ्या वाचली, मग पुन्हा बसून वाचली.

सासूबाई दोरखंडाखालून वाकून कधी आत आल्या होत्या कुणाला कळलं नव्हतं. त्यांनी त्या तारेकडे वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढी पट्टी लावून काय राहतंय होय? चार वेढे दोरा मारला असता तर मेली हलली नसती. आणि म्हणे माझ्या सुनेचा पाय! तारेला काय कळतंय, कुणाच्या घरात कोण गेलं ते?"

कप्तानाचा चेहरा उतरला. "माझी जोडणी," तो अखेर म्हणाला. "तिनं कागद दिला होता. मी वाचला नाही."

संघ एकतिसात सव्विसावा आला. त्याच दुपारी वहिनीची मुलाखत झाली आणि पाऊण तास चालली. त्यातला बराच वेळ त्या लोंबकळत्या तारेवरच गेला. तीन आठवड्यांनी पत्र आलं. कॉलेजातून एकाच नावाची निवड झाली होती.

मग कॉलेजानं सत्काराचा कार्यक्रम ठेवला. सभागृह भरलं. वहिनी मंचावर, सासूबाई पहिल्या रांगेत पाहुण्या म्हणून. सरांनी भाषण केलं. आपल्या संस्थेनं मुलींच्या शिक्षणाला नेहमीच कसं प्रोत्साहन दिलं आहे, यावर ते दहा मिनिटं बोलले. शेवटी म्हणाले, "आता आपली वहिनी दोन शब्द बोलेल."

आभार मानायचे, आशीर्वाद मागायचे आणि खाली बसायचं, एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती.

वहिनीनं माइक घेतला. "दोन नाही, थोडे जास्त बोलते," ती म्हणाली. "याच इमारतीत मला सांगितलं गेलं, की उड्डाणाला येऊ नकोस, तू अपशकुनी आहेस. कुणी सांगितलं ते महत्त्वाचं नाही. ज्यांनी सांगितलं ते वाईट नाहीत. ते मला चांगलं शिकवतात. घरी मला आत बसवणारी माणसंही वाईट नव्हती. वाईट माणसांशी भांडता येतं. चांगली माणसं हळू आवाजात, समजून घे म्हणतात, तेव्हा भांडायचं कसं ते कळत नाही. म्हणून हे इतके दिवस चाललंय."

तिनं माइक दुसऱ्या हातात घेतला.

"मी सहा महिने इथं नसेन. जायच्या आधी एकच विचारते. तुमच्या घरात, नात्यात अशी कुणी बाई आहे का, जिला शुभकार्यात तुम्ही समोर येऊ देत नाही? तुम्ही बोलला नसाल, नुसतं गप्प राहिला असाल तरी चालेल. असेल तर हात वर करा."

कुणी हललं नाही. मग शेवटच्या रांगेतल्या एका मुलीनं कोपरापर्यंतच हात उचलला. कचेरीतल्या हेडक्लार्कनं उचलला. त्यामागे इकडे दोन, तिकडे चार.

कप्तान जागेवर उभा राहिला. हात वर करून तो म्हणाला, "माझी आत्या. ताईच्या लग्नात ती दिवसभर माळ्यावर होती. जेवणाचं ताट मीच वर नेऊन दिलं होतं. मला काही वाटलं नव्हतं." आणि तो तसाच उभा राहिला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून सासूबाई हात वर करून उठल्या. त्यांना माइक नको होता. दिवसभर शिलाई मशीनच्या आवाजावर बोलायची सवय असलेला त्यांचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला.

"आमच्या घरात अशा दोघी होत्या. एक मी. आणि दुसरीला मी आत बसवलं होतं."

त्या खाली बसल्या नाहीत. हातही त्यांनी खाली घेतला नाही. आता सभागृहात हातच हात दिसत होते.

कार्यक्रमपत्रिकेत शेवटी आभारप्रदर्शन होतं आणि ते सरांकडे होतं. ते माइकसमोर आले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. हातातल्या कागदावर नावांची यादी होती. त्यांनी ती एकदा पाहिली, घडी करून खिशात ठेवली आणि सगळ्यांच्या देखत आपला हात वर केला.

"माझी आई," ते म्हणाले.